मागच्या सीटवर कोण बसतं?

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे जावं.

पुतण्यानं परवा नवी गाडी घेतली. दोनशे सीसी, टोकदार टाकी, आणि मागचं शेपूट विंचवाच्या नांगीसारखं वर. हार घातला, पेढे वाटले, सगळं झालं. आज सकाळी आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि नेमकी माझी स्कूटर पंक्चर. पोरगं म्हणालं, "काका, मी सोडतो आजीला." आई त्र्याहत्तर वर्षांची. अंगणात आली, एकदा सीटकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. सीट तिच्या कमरेच्या वर, रुंदीला पोळपाटाएवढीही नाही, हाताला धरायला काही नाही. पुतण्याच्या खांद्याला धरून दोनदा चढायचा प्रयत्न केला, मग हसली आणि म्हणाली, "ही गाडी एकट्याचीच दिसतेय रे." शेवटी रिक्षा बोलावली.

इथपर्यंत मी शांत होतो. रिक्षा गेल्यावर लक्ष गेलं, मागच्या चाकाला साडी गार्डची जाळीच नाही. विचारलं तर म्हणतो, "घेतानाच काढायला लावलं, काका. लूक मरतो त्यानं."

लूक मरतो!

१९९७ साल. सातारा-कोरेगाव रस्ता, उसाचा हंगाम. मी गाडीवर, मागे आई, एका बाजूला बसलेली, मांडीवर पिशवी. वेग तीससुद्धा नसेल. अचानक मागे ओढ बसली आणि आई गाडीवर नव्हतीच. पदर चाकात गेला होता. स्पोकमध्ये असा पिळून बसला होता की हातानं ओढून निघेना. उसाच्या बैलगाडीवरून एक माणूस उतरला, एक अक्षर न बोलता त्यानं कोयत्यानं पदर कापला. आईचं कोपर मोडलं होतं. पहिलं वाक्य काय बोलली माहितीय? "नवी होती रे साडी."

गाडीला साडी गार्ड नव्हतं.

म्हणून ती जाळी मला कुरूप दिसत नाही. मागे बसणाऱ्याला धरायला काहीतरी हवं, पाय ठेवायला फुटरेस्ट हवं, आणि कपडे अडकू नयेत म्हणून मागचं चाक किमान निम्मं झाकलेलं हवं, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतच लिहिलंय. नियम १२३. सरकारी कागदावर इतकी मायेची ओळ क्वचित सापडते. आपण काय करतो, तर पेढे वाटायच्या आधी ती जाळी काढून पोत्यात टाकतो.

आपल्याकडच्या गाडीचं रूप कागदावर ठरलेलं नाही, रस्त्यानं घडवलंय. हिरो होंडाची १९८५ ची सीडी १०० आठवा, १९९४ ची स्प्लेंडर आठवा. लांब सपाट सीट, कारण नवरा-बायको आणि मधे पोर. चेन पूर्ण डब्यात बंद, कारण चिखल. गिअरच्या पट्टीला मागे टाचेसाठी दुसरं टोक, कारण चालवणारा बुटातला असेल नाहीतर स्लीपरवरचा. खाली जागा भरपूर, कारण आपले गतिरोधक गावकऱ्यांनी रातोरात टाकलेले. मडगार्डला खाली रबरी फ्लॅप, म्हणजे जुलैत मागच्याच्या तोंडावर चिखल नको. त्या गाडीला कुणी देखणी म्हणणार नाही. पण तिच्यावर दुधाचे कॅन बसतात, सिलिंडर बसतो, पाहुण्यांना एसटी स्टँडवर सोडता येतं. आपल्याकडे मोटारसायकल म्हणजे घरातलं बिऱ्हाडाचं वाहन, रविवारचं खेळणं नव्हे.

आणि आताच्या गाड्या? २०१२ साली केटीएमची ड्यूक २०० आली. बनते आपल्या चाकणला, पण तिच्याकडे बघून वाटतं की हिला चाकणचा चौक कुणी दाखवलाच नसावा. तेव्हापासून सगळ्यांनाच ते शेपूट हवंय. मागचा मडगार्ड तोडका. पहिल्या पावसात पाठीवर चिखलाची उभी रेघ, कॉलरपर्यंत. गेल्या आठवड्यात पोवई नाक्यावर एक मुलगा दिसला, पांढरा शर्ट, बहुतेक इंटरव्ह्यूला निघालेला. मागून बघवत नव्हतं.

मान्य, नव्या गाड्यांचे ब्रेक चांगले आहेत. १२५ सीसीच्या वर एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय, २०१९ पासून सक्तीचं झालं, तेही उत्तमच. आणि रॉयल एनफिल्डची २०१६ ची हिमालयन बघितली तेव्हा वाटलं, कुणीतरी आधी रस्ता बघून मग गाडी काढलीय. पुढचं चाक २१ इंची, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर. पोरं तिलाही बेढब म्हणायची. पण माझ्या आईला तीही उंचच पडणार. असो.

रागाच्या भरात सकाळी पुतण्याला नको ते बोललो. "तुझ्या गाडीवर मागे फक्त मैत्रीण बसणार का?" वगैरे. त्याची मान खाली गेली. बाजूला उभ्या त्याच्या आईनं विषय बदलला.

दुपारी जेवताना घास उतरेना. कारण वर लिहिलेली १९९७ ची गोष्ट मी अर्धीच सांगितलीय. त्या गाडीला साडी गार्ड होतं. मी काढलं होतं. चोवीस वर्षांचा होतो, गाडी लाल होती, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर सगळ्यांनी काढलेलं. मागचं चाक उघडं दिसलं की गाडी कशी हलकी, पळणारी वाटायची! बाबा म्हणाले होते, "लावून टाक ते." मी हो म्हणालो आणि माळ्यावर ठेवून दिलं. मोडलेलं कोपर घेऊन घरी आल्यावर आईनं बाबांना सांगितलं, एसटीतून उतरताना पाय घसरला. बाबा गेले, त्यांना शेवटपर्यंत खरं कळलं नाही. का कळलंही असेल, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी गार्ड गाडीला लावलेलं होतं आणि मी ते लावलेलं नव्हतं.

तेव्हा पुतण्याला मी कुठल्या तोंडानं बोललो, हे माझं मलाच कळत नाही. बाविशीत गाडी आरशासारखी असते, माणूस तिच्यात स्वतःला बघतो. हे मला ठाऊक नाही असं नाही.

आई डॉक्टरकडून आली. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, पुढच्या महिन्यात ऑपरेशन. तिला सकाळच्या भांडणाचा पत्ताच नाही. उलट पुतण्याला म्हणाली, "रंग छान घेतलास." उजवं कोपर अजून सरळ होत नाही तिचं, भाकरी थापताना दिसतं.

आत्ता साडेआठला पोरगं एक प्लास्टिकची पिशवी घेऊन खोलीत आलं. आत गार्ड. काही बोललं नाही, मीही नाही. दोघांनी टॉर्च धरून लावून बघितलं. दोन बोल्ट आणि एक पट्टी हरवलीय. सुतळीनं बांधू म्हणत होता, मी नको म्हटलं. उद्या दहाला गॅरेज उघडतं.