मामाच्या दुकानातला वर्डप्रेस

अमळनेरला मामाचं पापड-बिबड्यांचं दुकान आहे आणि त्याची वेबसाइट मी वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर, बनवून दिली, फुकट, म्हणजे जन्मभराची चाकरी. साइटवर एक साधा फॉर्म, गिऱ्हाइकाने भरला की त्याला आपोआप मेल जातो, 'तुमची मागणी मिळाली'. कुणाच्या नावाने जातो हे मात्र मी कधी उघडून बघितलंच नव्हतं.

फेब्रुवारी २०२४, साहित्य संमेलनाचे दिवस, गावात पाय ठेवायला जागा नाही, आणि मामाचा फोन. "हाऊ वर्डप्रेस कोन शे रे भो?"

झालं असं की पुण्याच्या एका काकूंनी दुकानात फोन करून सांगितलं, तुमच्याकडे ते वर्डप्रेस म्हणून आहेत ना, त्यांना म्हणावं लसूण जरा जास्त टाका. काकूंची काय चूक, आपण सेटिंगला हात लावला नाही तर पाठवणाऱ्याचं नाव वर्डप्रेस आणि पत्ता वर्डप्रेस अ‍ॅट आपलं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, असाच जातो. मामी म्हणे, तिखट कांडायचं मी, उन्हात बिबडे टाकायचे मी, आणि नाव त्या मेल्याचं!

मामा म्हणाला, माझा जीमेल टाकून दे ना, दोन मिनिटांचं काम. टाकला. आता त्यासाठी साइटच्या कोडमधल्या फंक्शन्सच्या फाइलीत दोन ओळी लिहायच्या असतात, एक पत्त्यासाठी, एक नावासाठी, तर तिकडे संमेलनाच्या मांडवात एवढे साहित्यिक जमलेले आणि इकडे माझा एक अर्धविराम राहिला नि अख्खी साइट पांढरीफटक. तो सापडायला दीड तास. सापडला, साइट आली, आणि मेल थेट स्पॅममध्ये. कारण पाकिटावर नाव जीमेलचं आणि टाकलं होस्टिंगवाल्याच्या, म्हणजे ज्याच्या सर्व्हरवर साइट ठेवलीय त्याच्या, पेटीतून, गूगल कशाला ऐकून घेतंय? त्यात त्याच महिन्यापासून गूगलचे नियम कडक झालेले, दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या मेल खरंच आपलाच हे पटवणाऱ्या तिन्ही गोष्टी पाहिजेत, बाकीच्यांना निदान पहिल्या दोनातलं एक तरी. आमचे दिवसाला सात मेल, त्यातला एक मामाच स्वतःला पाठवून बघतो.

मग जीमेल सोडून डोमेनच्याच नावाचा मेलचा पत्ता टाकला आणि एसपीएफला बसलो. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने टपाल टाकायला कोणकोण जाऊ शकतं त्याची डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, लावलेली यादी. मी नवी यादी ऐटीत लावली, होस्टिंगवाल्याची जुनी तिथंच लटकत होती. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच चालते, दोन असल्या की दोन्ही बाद, जसं एकाच लग्नाच्या दोन पत्रिका दोन तारखांच्या. जुनी उडवली, तरी लगेच फरक नाही, कारण जगभरचे सर्व्हर जुनी नोंद काही तास जपून ठेवतात. मामा दर दहा मिनिटांनी, "व्हयनं का?" मी म्हणे, मामा, डीएनएस पसरतोय. मामा म्हणे, आपला पापड पण एवढा वेळ नाही घेत वाळायला.

रात्री अकराला मेल इनबॉक्सात पडला. पत्ता बरोबर, पण नाव? वर्डप्रेसच! नावाच्या ओळीत मी स्पेलिंग चुकवलेलं, म्हणून ती ओळ निव्वळ शोभेची. ते सुधारलं आणि मामीला विचारून तिचंच नाव टाकलं. तिने मोबाइल नाकाशी धरून तीनदा वाचलं, काही बोलली नाही, आत जाऊन माझ्यासाठी गरम शेवभाजी वाढून आणली.

आठवड्याने पुण्याच्या काकूंचा परत फोन. ते वर्डप्रेस दिसत नाहीत हल्ली, सोडून गेले का? रात्री दोन वाजता फॉर्म भरला तरी लगेच उत्तर द्यायचे हो बिचारे.

मामाने क्षणभरही विचार केला नाही. "हो ना ताई, नाशिकला लागला तो. पगार जास्त देताहेत म्हणे."