गल्लीचा मळा: एका काकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. गल्लीतल्या सामाईक मळ्यावर मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: चहूबाजूंनी ऊस आणि माळवं पिकणाऱ्या जिल्ह्यात शहरात भाजी लावणं ही हौस आहे, दोन गुंठ्यांत कुणाचं पोट भरत नाही, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कुणी उपाशी झोपत नाही, आणि शहरातली भाजी म्हणजे नाल्याच्या पाण्यावरची. उभं आयुष्य रानात काढलेल्या माणसानं हे लिहिलंय, म्हणून सविस्तर सांगते.

पोट भरत नाही, कबूल. माणशी दिवसाला निदान 400 ग्रॅम भाज्या-फळं खावीत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे पाच माणसांच्या घराला महिन्याला 60 किलो. आमचा मळा 2 गुंठ्यांचा, घरं 14. आठवड्यातून दोनदा पालेभाजी आणि हंगामात थोडा दोडका, घेवडा, एवढंच एका घराच्या वाट्याला येतं.

पण ते कुणाच्या ताटात जातं ते बघा. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे गरीब म्हणून रेशनच्या यादीत असलेल्या घराला, माणशी महिन्याला 5 किलो धान्य मिळतं. तो हक्कच आहे, त्यावर चूल पेटते. पण रेशनच्या पिशवीत मेथी नसते. हाताला काम कमी झालं की भात सुटत नाही, आधी माळवं सुटतं. आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या एक वहिनी आहेत. पावसाळ्यात भाजीची पेंडी महागली की त्यांच्या घरी आठवडाभर भात आणि आमटी, त्यातली डाळ पोरांना, पाणी स्वतःला. याला कुणी उपासमार म्हणत नाही. पण 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्याला कारणं अनेक, ताट त्यातलंच एक.

त्या वहिनी संध्याकाळी कामावरून येताना मळ्यात थांबतात. पोकळा उपटत नाहीत. खाली दोन पेरं ठेवून शेंडा नखानं खुडतात, मग बगलेतून फुटवे येतात आणि तीच रोपं तीन-चारदा खुडता येतात. पदरात भाजी घेऊन घरी जातात. कुणाकडं उधारी सांगावी लागत नाही, आणि फुकट मिळालं असंही त्यांना वाटत नाही, कारण शेणखताच्या पाट्या त्यांनीच वाहिल्यात.

महाराजांचं नाव तुम्ही घेतलंत. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, ती रयत उपाशी आहे हे मान्य करूनच.

2019 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, गाड्या अडकल्या, आणि याच भरल्या जिल्ह्यात आम्ही भाजी शोधत फिरलो. तेव्हा मळा नव्हता. असता तरी त्या पावसात मेथी कुजलीच असती, उगाच मोठेपणा सांगत नाही. पण पाणी ओसरलं तेव्हा नदीकाठची रानं गेलेली होती. उंचावरच्या जागेत टाकलेली मेथी महिन्याभरात हाताशी येते. मळ्याची कल्पना तिथूनच निघाली.

नाल्याच्या पाण्याचा मुद्दा मात्र तुम्ही नेमका काढलात. त्यावर मी आधीच लिहायला हवं होतं. आम्ही गल्लीतल्या जुन्या विहिरीचं पाणी देतो. जागेवर पूर्वी बांधकामाचा भराव पडलेला, म्हणून दीड वीत उंच वाफे करून बाहेरची माती टाकली. पण नेहमीच्या माती परीक्षणात नत्र, स्फुरद, पालाश कळतं, शिसं कळत नाही. ते वेगळं सांगून तपासावं लागतं, आणि पालेभाज्या नि कंद हे शिसं फळभाज्यांपेक्षा जास्त ओढून घेतात. ही तपासणी आम्ही केलेली नाही. उन्हाळ्याआधी करून घेतो, जे निघेल ते इथंच लिहीन. तोवर रस्त्याकडेच्या वाफ्यात पालेभाजी बंद, फक्त दोडका.

आणि एक विचारायचंय. वरण्याच्या, म्हणजे पावट्याच्या वेलाच्या, शेंड्यांवर काळा मावा, ही रस शोषणारी कीड, चढलाय. राख टाकून बघितली, निंबोळी अर्क दोनदा मारला, तरी हटत नाही. शेंगा भरत आल्यात, त्यामुळं औषध मारायला गल्लीत कुणी तयार नाही. तुम्ही रानात अशा वेळी काय करत होता?