केश्या आणि इन्स्पेक्टर जाधव

परवा मामेभावाकडे टीव्हीवर 'दंगल' लागला होता. अकादमीतले ते कोच दिसले तसा मामेभाऊ म्हणाला, "डोक्यात जातो राव हा माणूस." मी म्हटलं, "अरे, गिरीश कुलकर्णी तो. 'देऊळ' सिनेमा त्यानंच लिहिलाय." तर म्हणतो, "कोण, 'देऊळ'मधला केश्या? तो लिहितो पण?"

लिहितो पण! ते 'पण' डोक्यात राहिलं, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

'देऊळ'साठी गिरीश कुलकर्णींना राष्ट्रीय पुरस्कार दोन मिळाले, एक अभिनयाचा आणि एक संवादांचा. लोकांच्या लक्षात पहिलाच राहिला. मला विचाराल तर दुसरा मोठा. सिनेमातल्या मंगरूळ गावची माणसं बोलतात तेव्हा कुणीतरी बसून हे लिहिलंय असं वाटतच नाही, पारावर ऐकतोय असं वाटतं. सिनेमा २०११ च्या नोव्हेंबरात आला. आमच्या गावाजवळही तेव्हा एका नव्या देवस्थानाची कमान उभी राहत होती, त्यामुळे थिएटरात आम्ही जरा जास्तच हसलो. आणि मग गप्प झालो.

पण मुद्दा वेगळाच आहे. पटकथा आपल्या हातात असली की नट स्वतःला काय लिहून देतो? बहुतेक जण हिरो लिहून घेतात, शेवटाला एक भाषणही. या माणसानं स्वतःला केश्या लिहून दिला. करडी गाय शोधायला जातो, उन्हात झाडाखाली डोळा लागतो, दत्त दिसतात आणि गावभर बोंबलत सुटतो. त्याची श्रद्धा खरी, बाकी सगळ्यांचा हिशेब. गावच्या पुढाऱ्यापुढे, भाऊंपुढे, त्याचं काही चालत नाही आणि जाणत्या अण्णांचं शहाणपण त्याला उशिरा कळतं. शेवट सांगत नाही, न पाहिलेलेही असतील (का नाही पाहिला अजून?).

मग 'मसाला', २०१२. दिग्दर्शन संदेश कुलकर्णींचं, लेखन पुन्हा गिरीश यांचं, आणि निर्मिती त्यांच्या आणि 'देऊळ'चे दिग्दर्शक उमेश कुलकर्णी यांच्या 'आरभाट' या संस्थेची. म्हणजे पैसाही घरचा. तिथं हा रेवण झाला. धंदा बुडाला की देणेकऱ्यांच्या भीतीनं गाव सोडणारा, बायकोच्या हिमतीवर तगणारा. २०१६ च्या 'जाऊंद्या ना बाळासाहेब'मध्ये तर दिग्दर्शनही स्वतःचं, आणि भूमिका? पुढाऱ्याचा वाया गेलेला पोरगा.

आता हिंदी बघा. 'अग्ली'मधला इन्स्पेक्टर जाधव, फोन आल्यावर स्क्रीनवर फोटो कसा येतो हे विचारून विचारून, पोरगी हरवलेल्या माणसाला रडकुंडीला आणणारा. 'दंगल'चा कोच. 'सेक्रेड गेम्स'चा मंत्री भोसले. दुसऱ्यानं लिहिलं की हा माणूस कायम खुर्चीत बसलेला, समोरच्याला ताटकळत ठेवणारा. स्वतः लिहिलं की पायरीवर.

म्हणून 'हिंदीत जाऊन वाया गेला' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, मराठी पटकथेवर कुणाचं घर चालतं? स्वतःच्या निर्मितीत पैसे घालायचे तर ते कुठून तरी कमवावे लागतात. वर्दी घालून कमवले तर काय बिघडलं? शिवाय जाधवचा तो सीन कामचलाऊ आहे असं कुणी म्हणून दाखवावं.

आंधळा भक्त नाही मी. त्यांनीच लिहिलेला 'हायवे' मला मध्ये मध्ये लांबला, एक्स्प्रेसवेवरच्या ट्रॅफिकसारखाच. 'बाळासाहेब'चा उत्तरार्धही आणखी कसता आला असता. 'विहीर' मात्र त्यांनी सहलेखक म्हणून लिहिला आहे हे आजही कित्येकांना ठाऊक नाही. दोन मावसभाऊ आणि एक विहीर, एवढ्याच ऐवजावर तो उभा आहे. मी दोनदा पाहिलाय, तिसऱ्यांदा धीर होत नाही.

कमेंटमध्ये कुणीतरी 'गाभ्रीचा पाऊस' काढणारच. तो सतीश मनवरांनी लिहिलेला, माझ्या हिशेबात बसत नाही. पण कापसाच्या रानात आभाळाकडे बघत उभा असलेला त्यांचा शेतकरी किसना बघाच.

मामेभावाला त्याच रात्री 'देऊळ' लावून दिला. मध्यंतरापर्यंत फोन बाजूला ठेवला होता त्यानं.