पाच फूट आठ इंच

आमच्या कराडच्या घरात माजघराचं दार पाच फूट आठ इंच उंच आहे. म्हणजे होतं, त्यावर नंतर येतो. तर या दाराच्या वरच्या पट्टीला घरातल्या प्रत्येकाचं कपाळ एकदा तरी लागलेलंय, पाहुण्यांचं तर हमखास, आणि 'टण्ण' असा आवाज झाला की आतून अण्णा म्हणायचे, "वाकून!" आपटून झाल्यावर 'वाकून' सांगण्याचा उपयोग काय हे आजवर कोणी त्यांना विचारलेलं नाही. माझं लग्न ठरायच्या वेळी सासरे बैठकीला आले होते ते टेंगूळ घेऊनच परत गेले, आणि अण्णांचं मत असं की माणूस चांगला आहे, आपटल्यावरही हसला. अण्णा स्वतः पाच फूट सात. त्यामुळे त्यांना वाकावं लागत नाही, आणि त्यामुळेच वाकण्याचे संस्कार हा त्यांचा आवडता विषय.

घरात आम्ही अकरा जण. अण्णा, आई, आत्या, दादा-वहिनी, त्यांचे दोन मुलगे, मी, बायको, आमची मुलगी आणि आमचा आठ वर्षांचा चिरंजीव. आता अकरा माणसं शांतपणे टीव्ही बघत बसणारी असती तर काही प्रश्नच नव्हता. पण दोन्ही पुतणे व्हॉलीबॉलवाले, थोरला सहा फूट एक, धाकटा पाच अकरावर पोचलाय आणि अजून थांबायचं नाव घेत नाही. मुलगी तायक्वांदो शिकते आणि लाथेचा सराव दाराच्या पडद्यावर करते, पडद्याच्या पलीकडून कोण येतंय हे तिला दिसत नाही, दादा एकदा चहाच्या ट्रेसकट सापडला होता. वहिनी पहाटे योगा करतात त्याला सहा बाय तीनची सपाट जागा लागते, आईला एप्रिलमध्ये कुरडयांना अख्खी गच्ची लागते, आणि चिरंजीवांना क्रिकेटसाठी जे असेल ते सगळंच लागतं. एवढ्या सगळ्यांत न्हाणीघर एक. सकाळी सहा ते आठ त्याच्यासमोर बादल्यांची रांग, बादली ठेवली की नंबर लागला असा नियम, आणि आत्या रात्रीच बादली ठेवून झोपायची.

तर गेल्या मार्चमध्ये ठरलं, आता घराचं काम काढायचंच. पाडून नवीन बांधा असं दादा म्हणाला, त्यावर अण्णा दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत. मग पाडायचं नाही, दुरुस्त करायचं असं ठरलं आणि अण्णांनी दोन अटी घातल्या. एक, माजघरातली शहाबादी फरशी उचलायची नाही, ती त्यांच्या वडिलांनी स्वतः उभं राहून बसवून घेतलीय. दुसरी अट, भूकंपाची भेग बुजवायची नाही.

भेगेचं सांगायला पाहिजे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा अण्णा शाळकरी होते. त्या दिवशी आमच्या घराच्या ओसरीच्या भिंतीला खिडकीपासून वरपर्यंत तिरकी भेग गेली पण घर उभं राहिलं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती भेग दाखवून त्या पहाटेची गोष्ट सांगणं हे अण्णांचं गेल्या पन्नास-पंचावन्न वर्षांचं व्रत आहे. गोष्टीत दरवर्षी थोडी भर पडते. आमच्या लहानपणी त्यात फक्त भांडी पडायची, हल्ली अण्णा आजीला उचलून बाहेर आणतात.

मिस्त्री आला. त्याने पहिल्यांदा भिंतीवर मूठ आपटून बघितली, मग पहार मागवली, आणि मग जे सांगितलं ते मात्र मला फार आवडलं. तो म्हणाला, "दादा, तुमचं घर भिंतीवर उभंच न्हाई. समदं वजन खांबावर अन् तुळयांवर हाय. भिंत नुसती मधी भरलीय. म्हणून तर त्या भूकंपात ऱ्हायलं. लाकूड जरा हाललं आन् परत बसलं." म्हणजे दोन फुटी भिंती ज्यांच्या जाडीचा आम्ही आजवर अभिमान बाळगला त्या नुसत्या बघ्याच्या भूमिकेत होत्या. मी लगेच विचारलं, मग माजघराचं दार उंच करता येईल? त्याने दाराकडे बघितलं आणि मान हलवली. चौकटीच्या डोक्याला चिकटूनच तुळई. भिंत कितीही फोडा, तुळई कशी कापणार. "फरशी काढून जमीन चार इंच खाली घेतली तर हुईल," तो म्हणाला. अण्णा खोकले. विषय संपला.

मग त्याने ओळंबा सोडला आणि गुण्या लावला. आमच्या घरात एकही कोपरा गुण्यात नाही हे मला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. एका खोलीची एक बाजू अकरा फूट तीन इंच, समोरची दहा फूट सात. लहानपणी मी त्या खोलीचं चित्र काढलेलं तेव्हा बाईंनी वहीवर लाल शेरा मारला होता, रेषा सरळ काढ म्हणून. मी काढली तशीच होती ती भिंत!

तोडफोड सुरू झाल्या दिवसापासून गल्लीतला प्रत्येक माणूस येऊन एकच प्रश्न विचारायला लागला, "काही सापडलं का?" जुनं घर फोडलं की भिंतीत हंडा असतोच अशी सगळ्यांची खात्री असते. शेजारचे रिटायर्ड तलाठी काका तर रोज खुर्ची टाकून बसायचे. त्यांनी गंभीरपणे सांगितलं की 1878 चा कायदा आहे, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. मला वाटलं काका चेष्टा करतायत, पण कायदा खरंच आहे आणि त्यात दहाच रुपये लिहिलेत. आम्हाला एक बुजवलेला कोनाडा सापडला. सगळे जमले, आत्याने देवासमोर दिवाही लावला. आत उंदराचं घरटं, एक बिन दांड्याची पळी आणि चार आण्याचं एक नाणं. चार आणे 2011 सालीच चलनातून गेले, त्यामुळे कलेक्टरसाहेबांना त्रास दिला नाही. काकांनी दुसऱ्या दिवशी खुर्ची परत नेली.

सगळ्यात मोठं युद्ध बाथरूमचं. तीन हवी होती. प्लंबरचं म्हणणं, चेंबर ईशान्येला आहे, पाइपला उतार द्यायचा तर बाथरूम तिकडंच घ्यायला लागतील. आई म्हणाली, ईशान्येला देव. बरं मग वर घ्या. वर घेतलं तर ते स्वयंपाकघराच्या डोक्यावर येतं. सरकवलं तर देवघराच्या डोक्यावर. अजून सरकवलं तर शेजाऱ्यांच्या हद्दीत. प्लंबर कपाळाचा घाम पुसत म्हणाला, "काकू, पाणी वास्तुशास्त्र वाचत न्हाई, ते खालीच जातंय." शेवटी तडजोड होऊन एक मागे स्लॅबच्या भागात झालं, एक जुन्या न्हाणीघराच्या जागी, आणि तिसरं जिन्याखाली. जिन्याखालचं बाथरूम कागदावर फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात शॉवर जिथे लागला तिथे डोक्यावर पाचवी पायरी येते. थोरला पुतण्या तिथे गुडघ्यावर बसून आंघोळ करतो आणि बाहेर आला की नमाज झाला का म्हणून धाकटा विचारतो आणि मग पळतो.

या काळात आम्ही राहायचो कुठे? त्याच घरात. लहानपणी तो प्लॅस्टिकचा खेळ असायचा बघा, पंधरा चौकोन आणि एक रिकामं घर, एकेक सरकवत आकडे लावायचे. तसं एक खोली रिकामी ठेवायची, तिथे काम संपलं की शेजारच्या खोलीतला संसार तिकडे, मग त्या खोलीत काम. फरक इतकाच की त्या खेळात चौकोन 'माझा चष्मा कुठाय' म्हणून ओरडत नाहीत. गॅस ओसरीवर, फ्रिज दादाच्या बेडरूममध्ये, देव कपाटात. आत्या चार दिवस कपाटाला नमस्कार करत होती, पाचव्या दिवशी कळलं की देव शेजारच्या कपाटात आहेत, हे इस्त्रीच्या कपड्यांचं. आणि धूळ! पोह्यात धूळ, दातात धूळ, बंद डब्यातल्या बंद पुड्यातल्या बिस्किटावर धूळ. वहिनी धूळ पुसायच्या, मग दमून पुसायचं सोडलं, मग शेवटी शेवटी त्या धुळीवर बोटाने किराण्याची यादी लिहायला लागल्या.

इलेक्ट्रिशियनचं थोडक्यात सांगतो कारण आठवलं की बीपी वाढतं. सुताची वेटोळी असलेली जुनी वायर काढून सगळं कन्सील्ड करायचं होतं. पॉइंटमागे पैसे असतात हे कळायच्या आत प्रत्येकाने आपापले पॉइंट सांगून टाकले, एकूण चौसष्ट, आणि आज त्यातले निम्मे कपाटांच्या मागे आहेत. पण तो प्रकार नाही. मी एका संध्याकाळी घरी आलो तर अण्णा ओसरीवर भिंतीकडे बघत नुसते उभे. इलेक्ट्रिशियनने वायर टाकायला झिरी मारायच्या ऐवजी भूकंपाच्या भेगेतूनच पाइप नेला होता आणि वरून प्लॅस्टर मारून गुळगुळीत केलं होतं. "आयतीच झिरी मिळाली की ओ," तो आनंदाने म्हणाला, "तुमचं अर्ध्या दिवसाचं काम वाचवलं." आता अण्णा पाहुण्यांना पंख्याचं बटण दाखवून कोयनेचा भूकंप सांगतात.

मे महिन्यात कौलं उतरवली. आमची कौलं बासेल मिशनची, त्यावर 1865 छापलेलंय, त्यामुळे कौलं 1865 सालची असं अण्णा आयुष्यभर सांगत आलेत. ते साल कारखाना निघाल्याचं आहे हे मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तर म्हणाले मोबाइल कधीचा आहे तुझा. असो. चिरंजीवांच्या षटकारांनी फुटलेली तीस-चाळीस कौलं बदलायची होती, पण नवीन कौलांच्या खाचा जुन्यात बसेनात, एका पुतण्याने चिकटपट्टीचा उपाय सुचवला. या घोळात मिस्त्री म्हणाला, आमच्या गावची जत्रा हाय, दोन दिवसात येतो. चैत्र-वैशाखात या भागात कामाला माणूस ठेवणं म्हणजे पंचांग आणि नकाशा दोन्ही घेऊन बसायला लागतं, कारण मिस्त्रीची जत्रा झाली की बिगाऱ्याची, बिगाऱ्याची झाली की सुताराच्या सासुरवाडीची. घराला छप्पर नाही, मिस्त्री जत्रेत, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी चारला आगाशिवाच्या डोंगरामागून काळं ढग वर आलं. वळीव! ज्यांनी वळीव बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. अकरा जणांनी अकरा चादरी, ताडपत्री, शॉवरचा पडदा, निवडणुकीतला एक फ्लेक्स असं मिळेल ते धरलं. फ्लेक्सवरचे साहेब हात जोडून आमच्या धान्याच्या पोत्यांवर पालथे पडले होते, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा ते आमच्या कामाला आले असं आई म्हणाली.

सगळ्यात शेवटी राहिलं माजघर. शहाबादी फरशी उचलायची नाही ही अट होती, पण ती एवढी खालीवर झालेली की कॅरमच्या सोंगट्या आपोआप एकाच भोकात जायच्या आणि दादा त्या बाजूला बसून कायम जिंकायचा. मग मधला मार्ग निघाला. फरशी तशीच ठेवायची आणि तिच्यावर टाइल्स बसवायच्या. अण्णाही खूश, वडिलांची फरशी जागेवर राहिली. मिस्त्रीने प्लॅस्टिकच्या नळीत पाणी भरून लेव्हल काढली, देवघराच्या बाजूची जमीन उंच निघाली आणि दाराकडची चांगली दोन इंच खाली. मग दाराकडे माल भरून, वर टाइल, दोन बाय दोनची, दुधी रंगाची. फार छान दिसलं. सगळे अनवाणी फिरून आले. चिरंजीव घसरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा नेहमीप्रमाणे आंघोळ करून, हातात फुलांची परडी घेऊन, स्तोत्र म्हणत माजघरात शिरले.

टण्ण.

घर एकदम गप्प झालं. अकरा माणसांचं घर इतकं गप्प मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. फुलं दुधी टाइल्सवर पसरलेली. सहा फूट एक इंचाचा पुतण्या आतून, तोंडात ब्रश धरून, अगदी सवयीने बोलून गेला, "वाकून!"

मी टेप आणला. पाच फूट साडेपाच इंच. मिस्त्रीला फोन लावला, तर तो म्हणाला, "आवो, लेव्हल घेताना मला दिसलंच हुतं. पर मला वाटलं तुमच्या ध्यानात असंल."

अण्णांनी एका हाताने कपाळ धरलं होतं, दुसऱ्या हाताने फोन मागून घेतला. आईने बर्फ आणला तोवर ते नुसतेच फोन कानाला लावून उभे होते. मग म्हणाले, "फरशी उचलायला किती दिवस लागतील?"

पलीकडून जत्रेचे ढोल ऐकू येत होते.