तुकडा काढल्याने कॅन्सर पसरतो, हे धादांत खोटे आहे

आमच्या मोठ्या मामांचा आवाज बरेच दिवस घोगरा होता, जिना चढताना धापही लागे. इथे नागपुरात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सीटी स्कॅन पाहून बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणे, सुचवले आणि नेमका तेव्हाच नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर संदेश फिरू लागला: घशाच्या गाठीचा तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, हा रोग खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणाऱ्यांनाच होतो, ऑपरेशन म्हणजे आवाज कायमचा गेला, हळद-ज्येष्ठमधाच्या काढ्याने गाठ विरघळते. आता मामी बायोप्सीला तयार नाहीत.

सर्वांत घातक दावा पहिलाच आहे. मामांची गाठ श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या क्रिकॉइड या कूर्चेच्या (लवचीक, मऊ हाडाच्या) कड्यात आहे, तिच्यात चुन्याचे ठिपके दिसतात आणि डॉक्टरांना कॉन्ड्रोसार्कोमाचा, म्हणजे स्वरयंत्रात क्वचितच आढळणाऱ्या कूर्चेच्या कॅन्सरचा, संशय आहे. साधी गाठ आणि हा कॅन्सर यांतला फरक केवळ स्कॅनवरून खात्रीने सांगता येत नाही. वरवरचा तुकडा घेतला तर सूक्ष्मदर्शकाखालीही फसगत होते, म्हणून भूल देऊन, तोंडावाटे दुर्बीण घालून खोलवरचा नमुना घ्यावा लागतो. पसरण्याची भीती संशोधकांनी तपासून पाहिलेली आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या गटाने २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झालेल्या २,०३४ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या, तेव्हा आधी सुईने नमुना घेतलेल्यांचे मध्यक आयुर्मान २२ महिने आणि न घेतलेल्यांचे १५ महिने निघाले. सुईने आयुष्य वाढते असा याचा अर्थ नाही, पण ती जीव घेते हा दावा मात्र टिकत नाही. वृषणाच्या गाठीसारख्या मोजक्या ठिकाणी डॉक्टर स्वतःच सुई टाळतात, एवढे मान्य करतो. त्यावरून घशाच्या बायोप्सीवर बंदी घालणे हा निव्वळ अडाणीपणा आहे.

खर्ऱ्याबद्दलचे म्हणणे अर्धे खरे आहे. स्वरयंत्राचे बहुतेक कॅन्सर आतल्या अस्तरातून उद्भवतात आणि त्यांत तंबाखूचा मोठा वाटा असतो. कूर्चेच्या कॅन्सरचे तसे नाही, आणि मामांनी खर्ऱ्याला कधी हातही लावलेला नाही. आवाजाचे म्हणाल तर गाठ मंद प्रतीची आणि लहान असेल तेव्हा स्वरयंत्राचा काही भागच काढून भागते. पूर्ण काढावे लागले तरी कृत्रिम झडप बसवून बोलता येते.

काढ्याने ही गाठ विरघळत नाही. शस्त्रक्रिया हाच तिचा मुख्य उपचार आहे. ती बहुधा सावकाश वाढते, त्यामुळे काही महिने काढा घेणाऱ्याला गुण आल्यासारखे वाटते. तेवढ्यात क्रिकॉइडचे कडे पोखरले जाते आणि थोडा भाग काढून निभावण्याची संधी हातची जाते.