मशिदीच्या लीगचा कुडमुड्या जोतिषी

मशिदीच्या बास्केटबॉल लीगच्या पहिल्या आठवड्याचं भविष्य लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर आधी अभिनंदन. तुम्ही खेळण्याच्या लायकीचे उरला नाहीत हे सगळ्यांच्या लक्षात आलेलं आहे, फक्त तोंडावर सांगायची कोणाची छाती होत नाही. माझ्याकडे हे काम गुडघ्यामार्फत आलं. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात आमची लीग चालते. तिथे मी दोन मोसम पळालो, आणि तिसऱ्या मोसमाच्या तोंडावर कॅप्टनने खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "भाई, तुझं लिखाण फार चांगलं आहे." तेव्हापासून मी बाकावरचा कायमचा सभासद आणि लीगचा अधिकृत जोतिषी.

पैसे लावायचे नाहीत, हे पहिल्याच ओळीत लिहून टाका. जुगार हराम आहे, याबद्दल आमच्यात दुमत नाही. हरणाऱ्याने बिर्याणी द्यायची, हीसुद्धा पैजच का, याबद्दल मात्र तीन मतं आहेत. मागच्या वर्षी तिन्ही मतांची मंडळी पोटभर जेवून गेली.

लेखाची सुरुवात इतिहासाने करा. इतिहासाचं बरं असतं, निकाल आधीच लागलेला असतो. १८९१ सालच्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्डला जेम्स नायस्मिथ नावाच्या मास्तरांनी हिवाळ्यात कंटाळलेल्या पोरांसाठी पीचच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि तेरा नियम लिहून भिंतीला लावले. संस्था होती ख्रिस्ती तरुणांची, म्हणजे वायएमसीए. तिथला खेळ आज आपण जिथे खेळतो, त्या जिमच्या दाराशी 'चपला रॅकमध्येच ठेवाव्यात' अशी पाटी आहे. यावर एक भावुक परिच्छेद सहज निघतो. पुढे एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधला करीम अब्दुल-जब्बार: मुसलमान झाल्यावर १९७१ साली नाव बदललं, कारकिर्दीत ३८,३८७ गुण केले, आणि तो विक्रम मोडायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. मग हकीम ओलाजुवान. १९९५ साली रमजान फेब्रुवारीत आला होता. हा गडी रोजे धरून ह्यूस्टनकडून खेळला, आणि त्या महिन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून एनबीएने त्यालाच निवडलं.

यातल्या कोणाचाही आपल्या लीगशी काडीचा संबंध नाही. म्हणूनच ते उपयोगी पडतात. एक मात्र ध्यानात ठेवा: जो खेळाडू ऊठसूट हकीमचं नाव घेतो, तो रमजानात असरनंतर, म्हणजे दुपारच्या उत्तरार्धातल्या नमाजानंतर, सोफ्यावरून हलत नाही. त्याला तुमच्या हिशेबात अर्धा धरा.

आता नावनोंदणीचा तक्ता उघडा आणि उंचीचा रकाना लगेच झाका. आमच्या खेडला लग्नाच्या बायोडेटात पगार लिहितात, तशी इथे उंची लिहितात. पाच फूट नऊ इंचांचा माणूस ऑनलाइन फॉर्म भरता भरता सहा फुटांचा होतो. 'पोझिशन' या रकान्यावरही जाऊ नका. तिथे सगळेच पॉइंट गार्ड असतात, कारण चेंडू पॉइंट गार्डच्या हातात असतो. रिबाउंडसाठी, म्हणजे नेम हुकून परतलेला चेंडू पकडायला, टोपलीखाली कोणी उभं राहायचं, हा प्रश्न तक्त्याला पडत नाही. तो फक्त कॅप्टनच्या बायकोला रात्री साडेअकराला ऐकावा लागतो.

संघांकडे वळू. दर लीगमध्ये डॉक्टरांचा एक संघ असतो. कागदावर नऊ नावं, मैदानात तिघं. उरलेले सहा कुठल्या ना कुठल्या इस्पितळात ड्युटीवर. यांचं भविष्य वर्तवायला यांचा खेळ पाहून उपयोग नाही, ड्युटीचं वेळापत्रक मिळवा. एक फायदा आहे. दुसऱ्या कोणाचा घोटा मुरगळला की हे तिघंही धावत येतात आणि तिघं तीन वेगवेगळी निदानं करतात. तोवर घड्याळ चालूच असतं, कारण आमच्याकडे घड्याळ फक्त शेवटच्या दोन मिनिटांत थांबवतात. आघाडीवर असलेल्या संघाचे घोटे जास्त मुरगळतात, असं माझं निरीक्षण आहे.

बोस्नियन पोरांबद्दल विनोद करू नका, निकाल अंगावर येईल. त्यांचे पूर्वज शिकागोत आपल्या कितीतरी आधी आले. इथल्या बोस्नियन मुसलमानांनी आपली परस्परसाहाय्य संस्था १९०६ सालीच काढली होती. वर बास्केटबॉल त्यांच्या मायदेशात आपल्याकडच्या क्रिकेटसारखा. मिर्झा म्हटलं की आपल्याला शायर आठवतो, त्यांना मिर्झा देलिबाशिच आठवतो. त्याच्या सारायेवोच्या 'बोस्ना' क्लबने १९७९ साली युरोपचा चषक जिंकला होता. आणि हे लोक एक अत्यंत संशयास्पद गोष्ट करतात: एकमेकांना पास देतात. आमच्या लीगमध्ये हा प्रकार इतका दुर्मीळ आहे की समोरचा संघ क्षणभर उभा राहून बघतच बसतो.

शिकागोच्याच ब्रिजव्ह्यू या उपनगराकडून पॅलेस्टिनी चुलतभावांचा संघ येतो. पाचही जणांचं आडनाव एक, त्यातल्या दोघांचं नावही एक. स्कोअर लिहिणारा पोरगा हाफटाइमपर्यंत रडकुंडीला येतो. कोणाला बसवायचं आणि कोणाला उतरवायचं, हे त्यांच्याकडे कोच ठरवत नाही. जो बसवला जातो त्याची आई नंतर कोचच्या आईला फोन करते. त्यामुळे हे पाच जण दमून कोसळेपर्यंत खेळतात. पहिल्या हाफात तेच जिंकणार असं लिहा, दुसऱ्या हाफाबद्दल मौन पाळा.

हैदराबादी मंडळींचं भविष्य वर्तवणं सगळ्यांत सोपं, फक्त त्यासाठी लग्नपत्रिका लागतात. शुक्रवारी मेहंदी, शनिवारी निकाह, रविवारी वलीमा, आणि वर आख्खी टीम एकाच घराण्याची. ज्या आठवड्यात त्यांच्याकडे शुभकार्य आहे, त्या आठवड्यात समोरच्या संघाला डोळे मिटून विजयी घोषित करा. हे ज्ञान मी अमेरिकेत मिळवलेलं नाही. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी गावी आले की आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा होतात. तिथेही कुठल्या वाडीचा संघ जिंकणार हे बॉलरकडे बघून नाही, तर कोणाच्या वाडीत त्या दिवशी लग्न आहे हे बघून ठरतं. हिंदूंच्या वाडीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात, सारखंच.

मगरिबचा, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाचा, विचार न करता जो भाकीत करतो, तो जोतिषी नव्हेच. नोव्हेंबरच्या मध्याला शिकागोत साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. चार वाजताचा सामना म्हणजे पहिला हाफ रंगात आलेला आणि तेवढ्यात अजान. मगरिब ही अशी टाइमआउट आहे की ती मागावी लागत नाही आणि रेफरीला नाकारताही येत नाही. लागोपाठ पाच बास्केट मारून तापलेला संघ थंड होतो, आणि बारा गुणांनी मागे असलेल्या कॅप्टनला विचार करायला वेळ मिळतो. नमाजात हा विचार करू नये, हे त्यालाही माहीत असतं. नमाज पढवायला कोण पुढे होतो, हे नीट बघा. आघाडीवरच्या संघातला हाफिज, म्हणजे कुराण तोंडपाठ असलेला, पुढे झाला तर सूरा (कुराणातले अध्याय) छोट्या निघतात. पिछाडीच्या संघातला झाला, तर त्या दिवशी त्याला लांबलचक सूरा आठवतात, शिवाय आवाजही लागलेला असतो. मी कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. मी फक्त मिनिटं मोजलेली आहेत.

चड्ड्यांची लांबी हा दुसरा शास्त्रशुद्ध निकष. गुडघा झाकलेला हवा, हा आमचा नियम. १९९१ साली मिशिगन विद्यापीठात एकदम आलेल्या पाच नवख्या पोरांनी ढगळ, लांब चड्ड्यांची फॅशन आणली, तेव्हापासून आख्खी अमेरिका नकळत आमच्या नियमाने खेळत होती. आता फॅशन पुन्हा वर सरकली आहे. त्यामुळे तरणी पोरं आखूड चड्डीखाली काळे टाइट्स चढवतात आणि पन्नाशीतले काका अजूनही तीच जुनी तंबूसारखी चड्डी घालतात. ज्या संघात तंबू जास्त, तो जोरात पळणार नाही, पण फाउल झाला की नाही यावर वीस मिनिटं वाद घालेल.

मुलींच्या सामन्यांचं भविष्य कोणी लिहीत नाही, तुम्हीही लिहू नका. वेळेवर येणारे, सराव करून येणारे आणि जर्सी धुऊन आणणारे संघ फक्त तिथेच आहेत. अशा ठिकाणी जोतिषाला काम नसतं. ज्या स्प्रिंगफिल्डला हा खेळ जन्मला, त्याच गावात बिल्किस अब्दुल-कादिर हिने हिजाब घालून शालेय स्पर्धांत तीन हजारांवर गुण केले. मॅसॅच्युसेट्स राज्यात तोवर कोणी केले नव्हते, ना मुलाने ना मुलीने. पुढे तिच्या व्यावसायिक कारकिर्दीच्या आड आंतरराष्ट्रीय महासंघाचा शिरोवस्त्राचा नियम आला. तो बदलायला महासंघाला २०१७ साल लागलं. आमच्या लीगच्या कमिटीने मात्र मुलींना जिम देण्यासाठी इतका वेळ लावलेला नाही. रविवारी सकाळी सात ते आठ ही वेळ त्यांना ताबडतोब देण्यात आली.

भाषेबद्दल थोडं. आपली वेधशाळा 'तुरळक ठिकाणी मध्यम ते जोरदार' म्हणते, त्यात सगळं येतं. तुम्हीही 'सामना चुरशीचा होईल' म्हणा. चाळीस गुणांनी हरलेला संघसुद्धा 'चुरस होती' हे मान्य करतो. 'अनुभव विरुद्ध तारुण्य' लिहिलंत की काकाही खूश, पोरंही खूश. कमिटीवरच्या काकांच्या चिरंजीवांना 'उदयोन्मुख' म्हणा. मागची सहा वर्षं ते उदयोन्मुखच आहेत. आणि कोणाचंही नाव घेऊन 'कमकुवत दुवा' लिहू नका. शुक्रवारी खुतब्याला, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाला, तो तुमच्या शेजारी बसणार असतो.

एवढं करूनही अचूक आकडा सांगायची खुमखुमी असेल तर एकच आकडा सुरक्षित आहे: २-०. अमेरिकेतल्या शाळांच्या नियमपुस्तकाप्रमाणे सामना सुरू करायला प्रत्येक संघाचे पाच खेळाडू हजर लागतात. ते नसतील तर समोरच्याला सामना बहाल आणि निकाल २-० असा नोंदतात. आमची लीग तेच पुस्तक मानते. पहिल्या आठवड्यात कोणाची जर्सी आलेली नसते, कोणाला मॅच शनिवारी आहे असं वाटलेलं असतं, तर कोणी 'निघालोय' असा मेसेज आंघोळीला जाण्यापूर्वी पाठवलेला असतो. म्हणून मागच्या मोसमात मी छातीठोकपणे लिहून टाकलं: रविवार, रात्री नऊ, आमचा संघ २-० ने हरणार. स्वतःच्याच संघाविरुद्ध लिहिल्याने माझ्या निःपक्षपातीपणाचीही वाहवा झाली.

नऊ वाजता आम्ही चौघं होतो, मला आणि माझ्या गुडघ्याला धरून. पाचवा हायवेवर. रेफरीने दहा मिनिटांची सवलत दिली. सव्वाआठ मिनिटं झाली तेव्हा मी मनातल्या मनात पुढच्या लेखाचं शीर्षक जुळवत होतो.

बाकावर नेहमीप्रमाणे नागपाड्याचे चाचा बसलेले. हे मुंबईत बच्चूखानच्या मैदानात वाढलेले. अमेरिकेत कोणी बास्केटबॉलच्या गप्पा मारू लागला की हे सुरू होतात. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅनशार्टने १९२७ साली नागपाडा नेबरहूड हाउस काढलं इथपासून ते नागपाड्याच्या गल्ल्यांनी देशाला किती खेळाडू दिले इथपर्यंत, मध्ये श्वास न घेता. आम्ही माना डोलावतो आणि फोन बघतो. त्या रात्री चाचांनी खिशातली तसबी, म्हणजे जपमाळ, काढून माझ्या हातात दिली, कोट उतरवला, आमच्या पिशवीतून एक जादा जर्सी काढून सदऱ्यावरूनच चढवली आणि रेफरीसमोर जाऊन उभे राहिले. "पाचवा मी. लिही नाव."

आम्ही ६१-२३ ने हरलो. तेविसातले चार चाचांचे, दोन्ही बास्केट बोर्डावर टप्पा घेऊन, जुन्या पद्धतीने. सामना संपल्यावर ते धापा टाकत बाकावर बसले, माझ्याकडून तसबी परत घेतली, चश्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि चौघांकडे आळीपाळीने बघत विचारलं, "वो दो-झीरो किसने लिखा था?"