रंग नवा, बेड जुना

घरच्या वर्कशॉपमध्ये लेथ (धातू फिरवून कातायचं यंत्र) हवा, हे एकदा मनाने घेतलं की बजेट आणि अक्कल यांपैकी एकच काहीतरी शिल्लक राहतं. नवा परवडत नाही म्हणून जुना बघायला जावं, तर विकणारा स्विच दाबतो, चक, म्हणजे कातायचा तुकडा धरणारा पंजा, गरगर फिरतो आणि विकणारा विजयी चेहऱ्याने म्हणतो, "बघा, एकदम चालू कंडिशन!" फिरायला काय, छताचा पंखाही फिरतो. लेथने जॉबच्या, म्हणजे कातायच्या तुकड्याच्या कडेने हत्यार सरळ रेषेत न्यायचं असतं, आणि ती सरळ रेषा बेडमध्ये, म्हणजे सगळं ज्यावर बसतं त्या लांब लोखंडी पायात राहते. मोटर बिचारी निमित्तमात्र.

जुन्या लेथच्या बाबतीत मी बऱ्यापैकी उदार आहे. मोटर जळालेली, बेल्ट तुटलेला, हँडल वाकडं, अंगावर गंज, सगळं माफ. उलट अशा गोष्टींकडे बघून 'च्च च्च' केलं की भाव उतरतो. पण झिजलेला बेड, दाते तुटलेला हेडस्टॉक (चक फिरवणारी गिअरची पेटी) आणि गायब झालेले चेंज गिअर (आटे पाडताना बदलायचे सुटे गिअर) या तिघांना माफी नाही. पंचाईत अशी की माफ करण्यासारखं सगळं लांबूनच डोळ्यांत भरतं, आणि माफ न करण्यासारखं वाकून, तेलात हात घालून शोधावं लागतं.

म्हणून सगळ्यात आधी ताज्या रंगाचा संशय घ्यावा. स्क्रूच्या खाचेत, तेल घालायच्या भोकावर आणि गिबच्या (सरकत्या भागांतली ढिलाई काढणाऱ्या पट्टीच्या) चेकनटांवर रंगाचा थर असेल, तर मशीन उघडून कुणी काही केलेलं नाही, वरून फक्त ब्रश फिरवला आहे. तेलकट, मळकट, कोपऱ्याकोपऱ्यात लोखंडाचा कीस साचलेला लेथ मला जास्त प्रामाणिक वाटतो. निदान त्याने कधीतरी तेल पाहिलेलं असतं.

मापाचा घोळ लगेच मिटवून टाकू. विकणारे बेडची लांबी सांगतात, कारण तो आकडा सगळ्यात मोठा असतो. त्या बेडवर हेडस्टॉक आणि जॉबला दुसऱ्या टोकाने आधार देणारा टेलस्टॉक बसले की मधे जेमतेम अर्धी जागा उरते, आणि आपल्या जॉबला तेवढीच मिळते. स्विंगचं, म्हणजे किती व्यासाचा जॉब फिरू शकतो त्याचंही तेच. बेडवर २५० मि.मी. फिरतो म्हणणाऱ्या लेथवर क्रॉस स्लाइडच्या (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाच्या) वरून १५० मि.मी.च्या आसपासच काहीतरी जातं. तिसरा आकडा कुणी आपण होऊन सांगत नाही: स्पिंडलचं, म्हणजे चक ज्यावर बसतो त्या पोकळ दांड्याचं भोक. ते २० मि.मी. असेल तर २५ मि.मी.चा बार आरपार जाणार नाही, आणि दरवेळी हॅकसॉ घेऊन तुकडे पाडत बसावं लागेल. स्वभाव शांत असेल तर चालतं.

आता बेड. इथे मात्र घाई करायची नाही, चहा नंतर.

बेड सगळीकडे सारखा झिजत नाही. रोजची बहुतेक कामं छोटी असतात आणि ती चकपासून पहिल्या वीतभरात होतात, म्हणून झीज तिथेच होते. टेलस्टॉककडचा भाग कित्येक वर्षांनंतरही कोरा राहतो, आणि विकणारा नेमका त्याच भागावरून फडकं फिरवून "आरशासारखा आहे" म्हणतो. असतोच, तिकडे कुणी फिरकतच नाही. आपण चकच्या खाली जावं. जिथवर सॅडल (हत्यार घेऊन बेडवरून सरकणारा भाग) कधीच पोचत नाही तिथे बेड मूळ उंचीचा राहतो. तिथून सॅडलच्या दिशेने नख ओढत न्यावं. नखाला पायरी लागली तर काय समजायचं ते समजावं.

मग सॅडलचा लॉक बोल्ट चकजवळ हलकासा आवळावा, इतपत की हँडल थोडा जोर लावून फिरेल. तसंच सॅडल टेलस्टॉककडे न्यावं. मधेच ते गच्च अडकलं, तर तिकडे बेड जाड आहे, म्हणजेच इकडे झिजलाय. हीच परीक्षा उलटी केली, म्हणजे टेलस्टॉककडे आवळून चककडे आलं, तर सॅडल चकजवळ लूज पडतं. काही जण आधीच चकजवळ गिब आणि पट्ट्या घट्ट करून ठेवतात, म्हणजे तिथे प्ले, म्हणजे ढिलाई जाणवू नये. तेव्हा सॅडल बेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवल्याशिवाय हँडल सोडायचं नाही. "एवढं कशाला फिरवताय?" असा प्रश्न आला तर आणखी एकदा फिरवावं.

आकडा हवा असेल तर मॅग्नेटिक बेससकट डायल (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) सॅडलवर लावावा आणि त्याचं टोक टेलस्टॉकच्या सपाट वाटेवर, म्हणजे तो बेडवर ज्या पट्टीवरून सरकतो तिच्यावर ठेवावं. टेलस्टॉकची वाट वेगळी असेल तर ती चकजवळ फारशी झिजलेली नसते, त्यामुळे सॅडल किती खाली बसतं ते काटा सांगतो. माझा हिशेब असा: ०.०५ मि.मी.पर्यंत हसून घ्यावं, ०.१ ला तोंड पाडून भाव करावा, ०.२ ला नमस्कार करून निघावं.

यावर एखादा हिशेबी विक्रेता म्हणेल, हत्यार ०.१ मि.मी. खाली गेल्याने काय फरक पडतो? गणिताने त्याचं खरं आहे. हत्यार सरळ खाली तेवढं गेलं तर २५ मि.मी. जॉबचा व्यास एक मायक्रॉनही वाढत नाही. पण सॅडल इतकं सभ्यपणे सरळ खाली जात नाही. कटचा दाब आणि एप्रनचं (सॅडलच्या पुढे लटकणाऱ्या हँडलांच्या भागाचं) वजन पुढच्या वाटेवर पडतं, म्हणून ती जास्त झिजते आणि सॅडल आपल्याकडे कलतं. दोन वाटांत २०० मि.मी. अंतर, हत्याराचं टोक बेडच्या वर १५० मि.मी., आणि पुढची वाट मागचीपेक्षा ०.१ ने खाली असेल, तर टोक जॉबपासून ०.०७५ मागे सरकतं आणि व्यास ०.१५ मि.मी.ने वाढतो. बेअरिंग त्यावर बसणार नाही, कितीही समजावलं तरी.

"बेड ग्राइंड करून घ्या की," हा सल्ला फुकट मिळतो, कारण काम फुकट होत नाही. शिवाय बेड ग्राइंड झाला की सॅडल खाली बसतं, एप्रन खाली जातं आणि लीड स्क्रूची (आटे पाडताना सॅडल ओढणाऱ्या लांब स्क्रूची) रेषा चुकते. मग सॅडलखाली पट्ट्या चिकटवून ते पुन्हा वर आणा. बजेटातल्या माणसाने या वाटेला जाऊ नये. याउलट चक हातून निसटून बेडवर पडल्याच्या खुणा असतात, त्यांना घाबरू नये. उठलेली कड बारीक दगडाने बसवली की सॅडल त्यावरून मुकाट जातं. दिसायला वाईट, कामाला ठीक.

हेडस्टॉकचं झाकण उघडायला लावावं आणि टॉर्च मारून बॅक गिअरचा (वेग कमी करणाऱ्या गिअरचा) एकूण एक दाता मोजल्यासारखा बघावा. आट्यांवर बसलेला चक निघत नाही म्हणून पुष्कळ लोक बुल गिअरची (स्पिंडलवरच्या मोठ्या गिअरची) पिन आत ठेवून बॅक गिअरही गुंतवतात. स्पिंडल जाम होतो, मग पान्यावर लटकतात. चक निघतो की नाही ते नशीब, दाता मात्र निघतो. पितळ भरून पुन्हा कापलेले दाते दिसले तर लगेच पळू नये. नीट केलेली दुरुस्ती बरीच वर्षं टिकते. एकापुढे एक तीन गायब असतील तर पळावं. काही हलक्या जुन्या मशीनचे गिअर झामॅकचे, म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचे असतात. अमेरिकन अ‍ॅटलसचे लेथ त्यासाठी ओळखले जातात. ते वापरता येतात, पण त्यांच्याशी आवाज चढवून बोलायचं नाही.

बेअरिंग तपासायला चकमध्ये ४०० मि.मी.चा जाड बार धरावा, डायलचा बेस हेडस्टॉकवर ठेवावा आणि टोक स्पिंडलच्या कॉलरवर टेकवावं. चकवर टेकवलं तर चकचेच दोष मोजत बसाल. बार वर उचलून काटा बघावा. बुश बेअरिंगला तेलाची फट लागतेच, ०.०२-०.०३ मि.मी. हललं तर गैर नाही. टेपर रोलर बेअरिंगला मात्र हलायचं काही कारण नाही, आणि ते पुन्हा आवळता येतं. नंतर मशीन वरच्या स्पीडला अर्धा तास चालू ठेवावं. विकणाऱ्याला ही अर्ध्या तासाची कल्पना मुळीच आवडत नाही. हेडस्टॉक कोमट झाला तर उत्तम. हात ठेववत नसेल तर पाकीट खिशातच ठेवावं. आवाजाचं म्हणाल तर गिअरचं एकसुरी घोंगावणं चालेल, बेअरिंगची खरखर नाही.

चेंज गिअर ही वेगळीच करुण कहाणी. ते सुटे असतात, त्यामुळे ते 'आत कुठेतरी' असतात. "देतो शोधून" या वाक्यावर विश्वास ठेवून आगाऊ रक्कम देऊ नये. इंचाच्या लीड स्क्रूवर, समजा इंचाला ८ आटे आहेत, अचूक मेट्रिक आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर लागतो, कारण २५.४ ला पाचाने गुणलं की १२७ येतात आणि १२७ ही मूळ संख्या असल्याने तिथे दुसऱ्या कुणाला भागवून नेता येत नाही. हा गिअर आकाराने मोठा, क्वचित लागणारा, आणि म्हणून सगळ्यात आधी हरवलेला असतो. तो मिळाला तरी मेट्रिक आटे पाडताना हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा, उघडमीट होणारा नट) उघडायचा नाही. मोटर उलटी फिरवून मागे यायचं. लीड स्क्रू तपासायचा तर हाफ नट गुंतवून सॅडल चकजवळ हाताने पुढेमागे ढकलावं, मग टेलस्टॉककडे ढकलावं. दोन्हीकडे प्ले सारखा असेल तर नट गेलाय, आणि तो बदलता येतो. चकजवळच जास्त असेल तर स्क्रूच गेलाय.

तीन जॉच्या (पकडणाऱ्या जबड्यांच्या) चकने बार ०.०५ ते ०.१ मि.मी. मध्यापासून बाजूला फेकला तर रागावू नये, तो त्याचा स्वभाव आहे. जॉ पुढे फाकलेत का ते मात्र बघावं: बार घट्ट धरून जॉच्या पुढच्या टोकाशी कागदाची पट्टी सरकवावी, आत गेली तर ते बार फक्त मागूनच धरतायत. जॉवर १, २, ३ आकडे असतात आणि चकचा नंबर असतो. तिन्हींचे नंबर वेगवेगळे निघाले तर ती तीन निरनिराळ्या चकांची आठवण आहे. चार जॉचा चक सोबत येत असेल तर त्यासाठी थोडं जास्त द्यायला माझी हरकत नाही. दुसरीकडून चक आणणार असाल तर स्पिंडलच्या नाकाचं माप आधी लिहून घ्या. मायफोर्ड एमएल ७ वर एक पूर्णांक एक अष्टमांश इंच व्यास आणि इंचाला १२ आटे, नऊ इंची साउथ बेंडवर दीड इंच आणि ८ आटे. "साधारण तसाच आहे" असा चक साधारण बसत नाही.

टेलस्टॉकला फार वेळ देऊ नये. दोन्ही सेंटरची (हेडस्टॉक आणि टेलस्टॉकमधल्या टोकदार आधारांची) टोकं जवळ आणून मधे पातळ स्टीलची पट्टी अलगद चिमटीत धरावी. पट्टी ज्या बाजूला कलेल त्यावरून उंचीतला फरक कळतो. टेलस्टॉक बहुधा खाली गेलेला असतो आणि त्याच्या दोन भागांमध्ये शिम (पातळ पत्रा) घातला की वर येतो.

थ्री फेज मोटर दिसली की घरगुती गिऱ्हाईक मागे फिरतं आणि भाव उतरतो. आपण तिथेच थांबावं. सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (थ्री फेज मोटर चालवून तिचा वेग बदलणारं उपकरण) बसवला की काम होतं, स्पीडही हाताशी येतो. फक्त मोटरच्या पाटीवर डेल्टाला (मोटरच्या वेटोळ्यांच्या एका जोडणीला) २२० किंवा २३० व्होल्ट लिहिलंय का ते वाचावं. डेल्टातच ४१५ असेल तर साधा व्हीएफडी पुरा पडत नाही. आणि आट्यांवरचा चक असेल तर उलट्या दिशेने जोराचा कट घेऊ नये, झटकन ब्रेकही लावू नये. चक सुटून बाहेर पडतो आणि मग आपण कुठे उभे आहोत याला महत्त्व येतं.

शेवटी स्वतःचा बार आणि स्वतः धार लावलेलं हत्यार घेऊन कट मारावा. २५ मि.मी. माइल्ड स्टील, हायस्पीड स्टीलचं टूल, साधारण ३८० आरपीएम, अर्धा मि.मी. खोली. मग ३ मि.मी.च्या ब्लेडने पार्टिंग, म्हणजे बार कापून वेगळा करणं, त्याचा वेग निम्म्याहून कमी. टर्निंगला गोड वागणारा लेथ पार्टिंगला खरं बोलतो: गिब, बेअरिंग, टूलपोस्ट, ज्याचं जे ढिलं असेल ते चॅटर करून, म्हणजे थरथरून सांगतं. जॉब टेपर आला तर मात्र लगेच बेडला दोष देऊ नये. वाकड्या जमिनीवर उभ्या लेथचा बेड पिळलेला असतो. घरी नेल्यावर बारवर दीडशे मि.मी. अंतराने दोन कॉलर ठेवून, टेलस्टॉक न लावता, एकाच सेटिंगवर दोन्ही कातावेत आणि दोन्ही व्यास सारखे येईपर्यंत टेलस्टॉककडच्या एका पायाखाली शिम घालावेत.

पण आधी घरी न्यायचा. लेथचं वजन वर आणि हेडस्टॉकच्या बाजूला असतं, म्हणून तो कलंडायला सदैव तयार असतो. चक काढावा, सॅडल आणि टेलस्टॉक शेवटच्या टोकाला नेऊन आवळावेत, पट्टा बेडखालून घ्यावा. लीड स्क्रूला पट्टा लावून उचलणाऱ्या माणसाला मदतनीस म्हणून नेऊ नये, तो सख्खा भाऊ असला तरी.

लेथ जागेवर बसला की क्रॉस स्लाइडचा पितळी नट बदलायची हुक्की येते. हँडल फिरवलं की पाव मि.मी. नुसतंच फिरतं, ते सोसवत नाही. कट नेहमी एकाच बाजूने घेतला तर अर्ध्या मि.मी.पर्यंतचा हा बॅकलॅश (हँडलची नुसतीच फिरणारी ढिलाई) काही बिघडवत नाही. गिब घट्ट असल्या म्हणजे झालं. तरी बदलायचाच असेल तर त्याचे आटे बहुधा डावे असतात, तसा टॅप आधी मिळवावा. आणि नवा नट याच लेथवर करायचा असल्यामुळे, तो तयार होऊन स्क्रूवर फिरेपर्यंत जुना नट मशीनमधून काढू नये.